आपोआप भरलेलं नाव

आमच्या सूनबाईला माझी एक सवय बघवत नाही. मोबाइलवरून काही मागवायचं असलं, ब्लडप्रेशरच्या गोळ्या म्हणा, कूलरची खस म्हणा, की पत्त्याचा फॉर्म उघडतो. नावाचं पहिलं अक्षर टाकायचा अवकाश, मोबाइल माझं नाव, खामगावातली आमची गल्ली, पिनकोड, सगळं एका दमात पुढं मांडतो. मी ते सगळं पुसतो. मग चष्मा नाकावर सरकवून, एकेक अक्षर दाबत, परत तेच्या तेच लिहितो.

"बाबा, आपोआप भरून राह्यलं ना ते, मंग पुसता काऊन?" ती विचारते.

"म्हाताऱ्याले काही काम नको का?" असं म्हणून मी वेळ मारून नेतो. ती हसते आणि स्वयंपाकघरात जाते. खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही. घरात कोणालाच सांगितलेलं नाही. सांगायची लाज वाटते, हे त्यातलं मुख्य.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी मोटारपंपांच्या सुट्या भागांचा फिरता सेल्समन होतो. कंपनीचं ऑफिस आणि गोडाऊन खामगावला. माझ्याकडे शेगावपासून वर थेट सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतची लाइन होती. वरवट बकाल, संग्रामपूर, सोनाळा. त्या भागात विहिरी भरपूर, संत्र्याचे बगीचे भरपूर, लाइटीचा भरवसा नाही, म्हणून मोटारी जळायच्याही भरपूर. गावोगाव मोटारी भरून देणारी छोटी दुकानं होती. भरून देणं म्हणजे जळालेली तार काढून नवी तार गुंडाळून बसवणं. त्या दुकानांना तांब्याची तार, बुश, सील, कपॅसिटर लागायचे. मी मोटारसायकलवरून फिरून ऑर्डर घ्यायचो, कार्बन घातलेल्या वहीत लिहायचो आणि संध्याकाळी ऑफिसात पान फाडून द्यायचो. माझं अक्षर असं की गोडाऊनवाला म्हणायचा, ऑर्डर दिली का औषधाची चिठ्ठी?

एका वर्षी कंपनीने आम्हा सहा जणांना एकेक यंत्र दिलं. कंपनी त्याला ऑर्गनायझर म्हणायची, आम्ही डबी म्हणायचो. तळहाताएवढी, वर झाकण, बाजूला आडवी एरियल, आणि पोपटी काचेवर टोचून लिहायला एक काडी. मोबाइल तेव्हा तालुक्याच्या गावातही सगळ्यांकडे नव्हता, आणि या डबीतून तारेशिवाय ऑर्डर थेट कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये जायची. सोनाळ्याला रेंज नसायची. मग दुकानात फॉर्म भरून ठेवायचा आणि परतताना वरवट बकालच्या अलीकडे रस्त्याच्या चढावर गाडी थांबवून, एरियल उभी करून तो सोडून द्यायचा. रस्त्याने जाणारे मला तिथं हात वर करून उभा असलेला पाहायचे आणि हॉर्न वाजवून चिडवायचे.

पण डबीची खरी करामत वेगळीच होती. दुकानदाराच्या नावाची पहिली दोन अक्षरं लिहिली की बाकीचा फॉर्म तीच भरायची. नाव, गाव, रस्ता, ट्रान्सपोर्ट, ग्राहकाचा कोड, एवढंच काय मागच्या वेळची ऑर्डरसुद्धा. आपण नुसते आकडे बदलायचे आणि खाली बरोबरची खूण टोचायची. वहीत ज्याला पाव तास लागायचा ते काम एका मिनिटात उरकायचं. वरवट बकालच्या एका दुकानदाराने तर डबी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. "माहं पुरं दुकान याच्यात हाये?" म्हणाला. मी असा काही हसलो, जशी ती मीच घरी बनवली होती.

दर महिन्याच्या मीटिंगमध्ये आमचे साहेब कोणाची ऑर्डर किती वेळात भरली जाते ते वाचून दाखवायचे. सहा जणांत माझा पहिला नंबर. बाकीचे पाच जण माझ्यावर जळायचे, आणि मला ते फार आवडायचं. बायकोला घरी येऊन सांगायचो. चाळिशी जवळ आलेला माणूस, पण पहिल्या नंबरचा असा सोस लागला होता की विचारू नका.

नवा ग्राहक नोंदवायचा म्हणजे मात्र डबी जीव काढायची. त्याचा फॉर्म चौदा रकान्यांचा. प्रत्येक अक्षर काडीने तिच्याच पद्धतीने गिरवायचं, जरा वाकडं गेलं की भलतंच उमटायचं. शिवाय नवा फॉर्म रेंज असेल तिथंच भरावा लागायचा आणि मध्ये रेंज गेली की सगळं पुसून पहिल्यापासून. एकदा एकाच दुकानदारासाठी मी तीनदा भरला होता आणि चौथ्यांदा डबी नाल्यात फेकायची बाकी ठेवली होती.

सोनाळ्याला रस्त्याला लागून पत्र्याचं एक दुकान होतं. नवरा-बायको दोघं मिळून चालवायची. नवरा पुढं बसायचा. मोटारी उघडायच्या, गिऱ्हाइकांशी बोलायचं, मला चहा पाजायचा, जगाच्या उठाठेवी करायच्या, हे त्याचं काम. बायको मागे लाकडी साच्यावर तार गुंडाळायची. एका कॉइलला किती टर्न, म्हणजे वेढे, द्यायचे ते तोंडातल्या तोंडात मोजायची. त्या वेळी तिच्याशी बोलायची सोय नव्हती. नवराही हळू आवाजात म्हणायचा, "थांबा भाऊ, हिशोब चालू हाये तिचा." ती बोटात तार धरून गेज, म्हणजे तारेची जाडी, सांगायची, आणि मी मायक्रोमीटर लावून पाहिलं तर तोच निघायचा. एक-दोनदा मुद्दाम फसवायला गेलो आणि स्वतःच फसलो. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भाऊ म्हणायची.

तो नवरा एका आठवड्याच्या तापात गेला. मी सांत्वनाला जाऊन आलो. पुढच्या महिन्यात माझी खेप झाली तर दुकान उघडं होतं. ती पुढच्या खुर्चीवर बसलेली. डोक्यावर पदर, हातात पाना, समोर उघडलेली पाच हॉर्सपॉवरची मोटार.

मी गाडी लावून दारातच थांबलो. तीच म्हणाली, "लोकाईच्या मोटरी थांबत नाई ना भाऊ. ऑर्डर लिहा."

चहा घेताना तिने घरातली गोष्ट सांगितली. तिच्या दिराला दुकान स्वतःकडे घ्यायचं होतं. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याचं म्हणणं एवढंच की भावाचं दुकान आहे, बाईमाणसाने गजबजलेल्या रस्त्यावर कशाला बसायचं, मी चालवतो, वहिनीला घरबसल्या काय ते देतो. सासऱ्याने मधला मार्ग काढला होता. पुढच्या वर्षी आमची कंपनी त्या भागात एक अधिकृत दुरुस्ती केंद्र नेमणार होती. गॅरंटीतल्या सगळ्या मोटारी त्या केंद्राकडे जाणार, म्हणजे वर्षभराचं काम पक्कं. ते केंद्र तिला तिच्या नावानं मिळालं तर दुकान तिचं. नाही मिळालं तर त्या वर्षीच्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, दिराचं. आमच्याकडे साली-महिन्याचे सगळे करार आखाजीला होतात, शेतावरचा सालदार त्याच दिवशी बदलतो, म्हणून हीही मुदत तीच ठरली.

"वरीसभर नेमानं माल उचललेला पायजे म्हने कंपनीले," ती म्हणाली. "अन् तो ज्याच्या नावानं उचलला त्यालेच भेटते म्हने. खरं हाये का?"

"खरं आहे," मी म्हणालो. आणि बोलता बोलता सवयीने डबीवर दोन अक्षरं गिरवली. फॉर्म टचकन भरून आला.

"नाव कोनाचं आलं त्याच्यात?"

मी वाचून दाखवलं. तिने पदर जरा पुढं ओढला. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, आणि गेलेल्या नवऱ्याचं असं कोणी एका दमात वाचलेलं ऐकणं तिला जड गेलं असणार. मग म्हणाली, "माहं टाका भाऊ आता."

"टाकतो ना. ऑफिसात गेलो की बदलून घेतो. या वेळचा माल जुन्या नावावर येऊ द्या."

त्या संध्याकाळी ऑफिसात गेलो तेव्हा चौदा रकाने आठवले आणि म्हटलं, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला तिने विचारलं, बदललं का हो नाव? मी म्हणालो, साहेब रजेवर आहेत. त्याच्या पुढच्या खेपेला अवकाळी पावसाने रस्ता खराब झालेला, पाठ मोडलेली, अजून तीन गावं बाकी. तिने परत तेच विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "झालं वहिनी."

मनात होतं की आज ऑफिसात गेल्यावर खरंच करून टाकू. अशा मनातल्या गोष्टींचं पुढं काय होतं ते मला वेगळं सांगायला नको.

तिचा चेहरा एवढा खुलला की मला आणखी एक चहा घ्यावा लागला. "मंग आता मोजा बारा महिने," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिने एकही महिना चुकवला नाही. गरज नसली तरी चार बुश, दोन सील मागवायची. मी दोन अक्षरं गिरवायचो, नवऱ्याचं नाव उभं राहायचं, मी खूण टोचायचो. मालाच्या खोक्यासोबत एक छापील चिठ्ठी जायची. तिच्यावर इंग्रजीत कोड, गाव आणि नुसतं आडनाव. तिने ती कोणाकडून वाचून घेतली असेलही, पण आडनाव दोघांचं एकच. त्या चिठ्ठ्या ती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवायची. मला दाखवायची. "ही पाचवी." "ही आठवी." मी मान डोलवायचो. आठवी दाखवली तेव्हा खरं सांगून टाकावं असं वाटलं होतं, हे मला लख्ख आठवतं. पण आता नाव बदललं तर वर्ष पहिल्यापासून मोजावं लागणार, आणि तिला सांगावं लागणार. त्यापेक्षा ऑफिसातून काहीतरी जमवू, साहेब आपलेच आहेत, असं मी स्वतःला समजावत गेलो. वर मीटिंगमध्ये पहिला नंबर चालूच होता.

आखाजीला पंधरा-वीस दिवस उरले असताना खामगावला कंपनीचा मेकॅनिक लोकांचा मेळावा झाला, दुरुस्ती केंद्रं तिथंच ठरायची होती. मंगल कार्यालयाचा हॉल, वर गरगरणारे पंखे, जेवणाला बुंदी. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून एक अधिकारी आले होते. ते एका टेबलाशी बसून एकेकाला बोलावत होते आणि आम्ही सेल्समन लोक आपापल्या गिऱ्हाइकांच्या शेजारी उभे होतो. दीडशे पुरुषांत ती एकटी बाई. सोबत सासरा आणि दीर. नवं लुगडं नव्हतं, पण धुऊन घडी घातलेलं होतं. सासरा मला म्हणाला, "भाऊ, तुमी हाये म्हून आमाले घोर नाई."

मी आदल्या दिवशी साहेबांना भेटलो होतो. काहीतरी जमवू म्हणालो होतो ना, ते एवढंच झालं, की साहेब म्हणाले, उद्या बघू.

तिची पाळी आली. तिने पिशवीतून चिठ्ठ्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. सगळ्या सारख्या दुमडलेल्या, एकीलाही तेलाचा डाग नाही. मोटारीच्या दुकानात कागद असा कोरा ठेवणं किती कठीण असतं ते त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. अधिकाऱ्यांनी कोड पाहिला, समोरच्या यादीत बोट फिरवलं आणि एक नाव वाचलं.

"हे कोण?"

तिने मान खाली घातली. "ते... आमचेच," एवढंच म्हणाली.

"माझा भाऊ, साहेब," दीर पुढं होऊन बोलला. "वारला तो. वरीस होऊन गेलं."

"मग या सगळ्या ऑर्डरी त्यांच्या नावावर कशा?" अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तयारच होतो. दोन अक्षरं गिरवली की फॉर्म भरतो, तितक्या सहज माझ्या तोंडून आलं, "मशीनची चूक आहे साहेब. जुनं नाव आपोआप भरतं ते. आम्ही बदललं तरी परत तेच येतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तिने ते खरं धरलं होतं. उलट माझी बाजू घेऊन अधिकाऱ्यांना म्हणाली, "हाव साहेब, भाऊनं तं कवाचं बदललं होतं."

अधिकारी सरळ माणूस होता. तो म्हणाला, "ठीक आहे. मग तुम्ही मला एक ओळ लिहून द्या, की या सगळ्या ऑर्डरी या बाईंनीच दिल्या आणि नाव राहिलं ती तुमची चूक. सही करा. मी वर पाठवतो. केंद्र यांना मिळेल."

त्याने कागदही पुढं सरकवला.

"चूक मशीनची आहे साहेब," मी म्हणालो.

"मशीनची सही चालत नाही हो."

आजूबाजूचे लोक हसले. आमचे साहेब पलीकडच्या टेबलाशी उभे राहून माझ्याकडेच पाहत होते. मला पहिला नंबर दिसला, बायकोला सांगितलेल्या गोष्टी दिसल्या, नोकरीही दिसली. नोकरी गेली नसती हे मला आता कळतं. फार तर साहेब ओरडले असते. "पाहतो साहेब, ऑफिसात विचारून देतो," असं काहीतरी मी पुटपुटलो.

अधिकाऱ्यांनी कागद परत ओढून घेतला. "मग यांची नवी नोंद आत्ताच करा, माझ्यासमोर. पुढच्या वर्षी बघू."

मी डबी काढली. झाकण उघडलं, नव्या ग्राहकाचा फॉर्म काढला. चौदा रकाने. पहिल्या रकान्यावर काडी टेकवली आणि तिथंच थांबलो.

पहिला रकाना नावाचा होता, आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं.

किती वर्षं त्या दुकानात चहा प्यालो होतो. तिच्या बोटांना तारेचा गेज कळतो हे मला माहीत होतं, तिच्या चहात साखर जास्त असते हे माहीत होतं, तिच्या घरातल्या वाटणीची गोष्ट माहीत होती. वहिनी म्हटलं की काम भागत होतं, त्यामुळे नावाची गरज कधी पडलीच नव्हती. सासऱ्याकडे पाहिलं, तो दुसरीकडे पाहत होता. अधिकारी वाट पाहत होते. शेवटी मला विचारावंच लागलं.

"वहिनी, तुमचं नाव?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. सगळा हिशोब तिच्या डोळ्यांपुढं मांडला जाताना मला दिसला. मशीन परत जुनं नाव आणतं, पण त्याआधी नवं नाव कोणीतरी टाकावं लागतं, आणि टाकायला ते आधी विचारावं लागतं.

"म्हंजे तुमी टाकलंच नव्हतं," ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. दीर आणि सासरा यांना काय चाललंय ते नीट कळलंही नसेल.  

"मले तवाच इचार आला होता भाऊ," ती म्हणाली. "यानं आपलं नाव तं इचारलं नाई, मंग टाकलं कोनतं? पन तुमी झालं म्हनले. मंग मी मनाले म्हनलं, त्याईले माईत असंन."

मग तिने नाव सांगितलं. स्वतःचं स्वच्छ, आणि पुढं नवऱ्याचं नाव आलं तिथं थांबून सासऱ्याकडे पाहिलं. ते त्याने सांगितलं. मी एकेक अक्षर गिरवत राहिलो. अक्षरं चुकत होती, परत परत पुसावी लागत होती. हॉलमध्ये रेंज चांगली होती. फॉर्म एका फटक्यात गेला. तिने चिठ्ठ्या गोळा केल्या, पिशवीत न घालता तशाच हातात धरल्या आणि जेवायला न थांबता तिघं एसटी स्टँडकडे निघून गेली.

चौथ्या दिवशी मी ती ओळ लिहून दिली. सही केली. आमचे साहेब म्हणाले, केंद्रांची यादी कालच पुण्याला गेली. तोवर मी काय करत होतो? कामावर जात होतो, जेवत होतो, झोपतही होतो.

आखाजीनंतरच्या खेपेला सोनाळ्याला गेलो तर पुढच्या खुर्चीवर दीर. त्याने मला नीट बसवलं, चहा मागवला. ती मागे होती, साच्याशी, पाठमोरी. मी मागे जाऊन उभा राहिलो. तिचं मोजणं चालू होतं.  एरवी टर्न पूर्ण झाले की ती मान वर करायची. त्या दिवशी तिने एक कॉइल संपवली आणि लगेच दुसरी घेतली.

"वहिनी, माझं चुकलं," मी म्हणालो.

"ऑर्डर पुढं द्या भाऊ. आता तेच पाह्यतात," ती म्हणाली.

पुढं आलो. दिराला विचारलं, ऑर्डर कोणत्या नावानं टाकू? केंद्र काही मिळालेलं नव्हतं, साध्या मालाला कोणतंही नाव चालत होतं. तो म्हणाला, "भावाचंच राहू द्या ना. दुकान त्याच्याच नावानं चांगलं." मी दोन अक्षरं गिरवली. फॉर्म भरून आला.

असं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी मीटिंगमध्ये आम्हाला सांगितलं गेलं की डबीतल्या याद्या फार लांबल्यात, मशीन हळू चालतं, तेव्हा ज्या ग्राहकांची वर्षभरात एकही ऑर्डर नाही ती नावं काढून टाका. मी घरी ओसरीवर बसून यादी उघडली. बंद पडलेली दुकानं, गाव सोडून गेलेली माणसं. काडीने एकेकावर टोचत गेलो. मध्येच तिचं नाव आलं. चौदाच्या चौदा रकाने भरलेले, माझ्याच हाताने, आणि खाली ऑर्डरींच्या जागी काही नाही. तिच्या वरच्याच ओळीत तिच्या नवऱ्याचं नाव होतं. त्याच्या खाली वर्षभराच्या बारा ऑर्डरी होत्या.

मशीनने विचारलं, काढायचं का?

मी काढलं नाही, असं इथं लिहायचा मोह होतोय. विचारणारं कोणी नाही, आणि ती काही हे वाचणार नाही. पण तिच्या बाबतीत मी एकदा न केलेलं झालं म्हणून सांगितलंय. काढलं.